पोर्ट ८००९ वर नक्की कोण होतं?

नोकरीचा दुसरा महिना, २०२० चा मार्च. टॉमकॅट या जावा वेब सर्व्हरमधल्या ‘घोस्टकॅट’ या सुरक्षा त्रुटीची बातमी ताजी होती आणि ती ज्या एजेपी कनेक्टरमध्ये (दुसऱ्या वेब सर्व्हरशी बोलणारा टॉमकॅटचा भाग) सापडली, त्याचं नेहमीचं पोर्ट, म्हणजे मशीनवरचा जोडणीचा क्रमांकित दरवाजा, ८००९. उघडी पोर्ट शोधणाऱ्या एनमॅप या टूलच्या माझ्या निकालात एका आयपी पत्त्यासमोर नेमका तोच आकडा, ‘ओपन’, आणि पुढे सर्व्हिसचं नाव ‘एजेपी१३’. मी ‘तातडीचे’ असा विषय लिहून मेल टाकली. सर्व्हर टीमचे दोघं दुपारभर तो टॉमकॅट शोधत होते. शेवटी सापडला तो मीटिंग रूममधल्या टीव्हीला लावलेला गुगलचा क्रोमकास्ट. तोही ८००९ वरच ऐकतो.

त्या दुपारचं मला आजही वाईट वाटतं, कारण चूक साधी होती. नुसतं पोर्ट स्कॅन केलं की एनमॅप सर्व्हिस, म्हणजे तिथे खरंच कोणता प्रोग्राम चालतो ते, तपासत नाही. पोर्टचा आकडा यादीत बघतो आणि तिथलं नाव छापतो. त्या पोर्टवर काहीही चालवायला कुणाची आडकाठी नसते.

मशीन आपल्या ताब्यात असेल तर बाहेरून अंदाज बांधत बसू नका. लिनक्सवर ‘ss -ltnp’ ही कमांड सुडोसह (ॲडमिनच्या अधिकाराने) चालवली की पोर्ट धरून बसलेल्या प्रोसेसचं नाव मिळतं. विंडोजवर ‘netstat -ano’ मधून पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) घ्या आणि टास्क मॅनेजरमध्ये शोधा. फ्लास्क (पायथनचं वेब फ्रेमवर्क, त्याचं नेहमीचं पोर्ट ५०००) शिकताना मॅकवर ५००० पोर्ट आधीच कुणीतरी घेतलंय असं दिसलं, तर घाबरू नका. मॅकओएसच्या मॉन्टेरे आवृत्तीपासून तिथे एअरप्ले रिसीव्हर असतो.

मशीन ताब्यात नसेल तर आधी पाहायचं, पहिलं कोण बोलतं. एसएसएच, एसएमटीपी, एफटीपी, मायएसक्यूएल हे जोडणी होताच स्वतःहून ओळख सांगतात. नेटकॅट या साध्या जोडणीच्या टूलने जोडा आणि काही सेकंद थांबा. एचटीटीपी मात्र विचारल्याशिवाय बोलत नाही, म्हणून त्याला एक विनंती पाठवा. तिथेही गप्प, तर टीएलएस (एचटीटीपीएसमधलं एन्क्रिप्शन) लावून पाहा; सर्टिफिकेटवरचं नाव पुष्कळ सांगून जातं. मी त्या दिवशी एवढं केलं असतं तरी पुरलं असतं, कारण एजेपी टीएलएस बोलतच नाही. एनमॅपचा ‘एसव्ही’ पर्याय हेच प्रश्न एकामागून एक विचारतो. त्यात ‘टीसीपीरॅप्ड’ आलं तर ते सर्व्हिसचं नाव समजू नका: जोडणी झाली, पण समोरच्याने काही न बोलता ती तोडली, एवढाच त्याचा अर्थ.

प्रिंटरचं ९१०० पोर्ट जपून. तिथे जे पाठवाल ते कागदावर उतरतं, म्हणूनच एनमॅप व्हर्जन तपासताना ते आपणहून वगळतो. इतर टूल वगळतीलच असं नाही.

आणि लेखी परवानगीशिवाय दुसऱ्याचं नेटवर्क चाळू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधली ४३ आणि ६६ ही कलमं एकदा वाचाच. सरावाला स्वतःची व्हर्च्युअल मशीन आहे, शिवाय एनमॅपच्या लोकांनी ‘स्कॅनमी’ नावाचं मशीन त्यासाठीच मोकळं ठेवलंय.

माझ्या रिपोर्टमध्ये आता सर्व्हिसच्या नावाशेजारी एक रकाना असतो: ‘कशावरून’. त्या टीव्हीसमोर लिहिलंय: टीएलएस लागलं, ८००८ ही उघडं, मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) गुगलचा, खोलीत जाऊन पाहिलं.