लांबलचक रासायनिक नावं न अडखळता कशी म्हणायची

बारावीच्या तोंडी परीक्षेत मुलांना अभिक्रिया येते, समीकरण येतं, पण बाटलीवरचं इंग्रजी नाव वाचायची वेळ आली की आवाज खाली जातो. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्यांचं तर फारच. मला याचं वाईट वाटतं, कारण ज्याला रसायनशास्त्र येतं त्याला नाव कुठे तोडायचं हे आधीच ठाऊक असतं.

डीडीटीचं पूर्ण नाव घ्या: डायक्लोरोडायफेनिलट्रायक्लोरोइथेन. इंग्रजीत सलग 31 अक्षरं. पेन्सिल घ्या आणि शेवटाकडून रेघा मारा. इथेन, म्हणजे दोन कार्बनची साखळी. तिच्याआधी ट्रायक्लोरो, त्याआधी डायफेनिल, सगळ्यात पुढे डायक्लोरो. म्हणायलाही शेवटूनच लागा. आधी नुसतं 'इथेन'. मग 'ट्रायक्लोरो-इथेन'. मग 'डायफेनिल-ट्रायक्लोरो-इथेन'. दर वेळी पुढे एकच तुकडा जोडायचा. त्यामुळे जीभ नेहमी नव्या तुकड्याकडून सरावाच्या तुकड्याकडे जाते आणि मध्येच गाडी थांबत नाही.

सांध्यावर दोन स्वर भेटले तर दोन्ही उच्चारा: क्लोरो-इथेन. ईडीटीए या रसायनाच्या पूर्ण नावातल्या टेट्रा-ॲसिटिकमध्येही असंच. 'मोनॉक्साइड'मध्ये मात्र एक 'ओ' लिहितानाच गळालेला आहे, तिथे जोडूनच म्हणायचं.

शेपटीच्या बाबतीत मी अजिबात सूट देत नाही. इथेन, इथीन, इथाइन: एकेरी, दुहेरी, तिहेरी बंध. स्वर चुकला की पदार्थच बदलला. सल्फाइड, सल्फाइट आणि सल्फेट यांतले ड आणि ट तर खणखणीत ऐकू आले पाहिजेत.

आघाताचा एक नियम फार उपयोगी पडतो. नाव 'इक'वर संपत असेल तर जोर त्याच्या लगेच आधीच्या अवयवावर (म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर) द्या: अ-सी-टिकमध्ये 'सी'वर, सल-फ्यु-रिकमध्ये 'फ्यु'वर, सॅ-लि-सि-लिकमध्ये 'सि'वर. आपण मराठीत सगळी अक्षरं जवळपास सारख्याच वजनानं म्हणतो, म्हणून हे मुद्दाम घोकावं लागतं.

मेथिल की मिथाइल? पहिला उच्चार अमेरिकी, दुसरा ब्रिटिश वळणाचा. दोन्ही चालतात, फक्त एका उत्तरात एकच ठेवा.

राहिलं अनुमापनात (टायट्रेशनमध्ये) वापरायचं दर्शक फिनॉल्फ्थॅलीन, ज्याला सगळे घाबरतात. इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'फिनॉल'नंतर येणारी पी-एच (ph) ही अक्षरं बोलताना बहुधा सोडूनच देतात. फि-नॉल-थॅ-लीन म्हणा, जोर 'थॅ'वर द्या, आणि अनुमापनाला लागा.