धंद्याला उपयोगी पडेल असं व्हिजिटिंग कार्ड कसं करावं

तुम्ही ज्याच्या हातात कार्ड देता, तो माणूस तुमच्यासमोर उभा असतो. त्याला तुमचा धंदा माहीत झालेला असतो, नंबरही त्यानं बहुतेक सेव्ह केलेला असतो. कार्डाचं खरं काम त्याच्यानंतर सुरू होतं. त्याचा मेहुणा, शेजारी, कंपनीतला पर्चेसवाला, म्हणजे तुम्हाला कधीही न भेटलेला तिसरा माणूस, ते कार्ड वाचणार असतो. हल्ली त्याच्यापर्यंत कागदही पोचत नाही. "आपल्या ओळखीचा एक फॅब्रिकेशनवाला आहे, थांब पाठवतो" असं म्हणत कुणीतरी पाकिटातलं कार्ड टेबलावर ठेवतं, फोटो काढतं आणि व्हॉट्सॲपवर ढकलतं. मोबाइलवर आलेल्या त्या तिरक्या फोटोवरून तिसऱ्या माणसानं तुम्हाला फोन करायचा आहे. मजकूर, अक्षर, कागद, सगळं यावरूनच ठरवा.

मजकूर: काम मोठं, नाव लहान

'महालक्ष्मी एंटरप्रायजेस' छापाची नावं कोल्हापुरात पावलोपावली आहेत. नावाबद्दल तक्रार नाही, पण तिसऱ्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही. म्हणून कार्डावरची सगळ्यात मोठी ओळ कामाची असू द्या. शिवाजी उद्यमनगरातल्या वर्कशॉपनं 'इंजिनिअरिंग वर्क्स' लिहून थांबू नये. 'लेथ आणि मिलिंगचं जॉबवर्क, थोड्या नगांची ऑर्डरही घेतो' असं लिहावं. ते दुसरं वाक्यच फोन आणतं, कारण मोठे लोक थोड्या नगांना उभं करून घेत नाहीत. चपलेच्या दुकानानं 'सर्व प्रकारची पादत्राणे' काढून 'पायाच्या मापानं कापशी चप्पल शिवून मिळेल' लिहावं. टेलरबाईंनी 'लेडीज टेलर'पेक्षा 'शिवलेली नऊवारी' लिहावं.

'सर्व प्रकारची कामे योग्य दरात केली जातील' हे वाक्य काढून टाका, अयोग्य दरात करतो असं कुणीच छापत नाही. 'जगात भारी कोल्हापुरी'सुद्धा काढा, कोल्हापुरात सगळेच कोल्हापुरी आहेत. वर '॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥' किंवा '॥ जोतिबा प्रसन्न ॥' हवं असेल तर बारीक एका ओळीत ठेवा. देवाचा फोटो मात्र नको. कार्ड टाकून देताना लोकांना संकोच वाटतो हे खरं, पण म्हणून ते फोन करत नाहीत. शिवाय साडेतीन इंचांतला एक इंच त्यात जातो.

चप्पल किंवा गुळाच्या धंद्यात असाल तर आणखी एक. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक निर्देशांक) मानांकन मिळालं, पण ते प्रत्येक दुकानाला आपोआप लागू होत नाही. कार्डावर जीआयचं चिन्ह छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची स्वतःची नोंदणी लागते. नोंदणी असेल तर ते जरूर छापा, बाहेरगावचं गिऱ्हाईक हल्ली विचारतं. नसेल तर नेटवरून चिन्ह उचलू नका.

मोबाइल नंबर एकच, तोही इंग्रजी आकड्यांत. फोटोतून नंबर उचलणाऱ्या मोबाइलला तो पटकन कळतो, आणि धारवाड-हुबळीकडच्या गिऱ्हाइकालाही. ०२३१चा लँडलाइन कुणी उचलत असेल तरच द्या. पत्त्यात पिनकोड आणि एक खूण हवीच. राजारामपुरीत नुसता दुकान नंबर दिलात तर माणूस सगळ्या गल्ल्या फिरून येईल. कितवी गल्ली ते लिहा. खूण निवडताना बँकेची शाखा किंवा बेकरी घेऊ नका, त्या जागा बदलतात. मिरजकर तिकटी, बिंदू चौक, दसरा चौक जागेवरच राहणार आहेत.

क्यूआर कोड टाकायचा तर एकच टाका. तो उघडून व्हॉट्सॲपवर तुमच्याशी बोलणं सुरू व्हावं किंवा नकाशावर दुकान दिसावं. व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये नंबराच्या आधी ९१ लागतो. त्यात शून्य किंवा अधिकचं चिन्ह घालू नका. कोड किमान २ सेंटिमीटरचा, पांढऱ्यावर काळा, आणि चारी बाजूंनी मोकळी जागा. फुकट 'डायनॅमिक' कोड देणाऱ्या साइट टाळा. त्यांचे कोड आधी त्यांच्या सर्व्हरवर जातात, फुकटची मुदत संपली की बंद पडतात, आणि तोवर तुमची कार्डं गावभर गेलेली असतात. पैसे घेण्याचा क्यूआर काउंटरवर असू द्या, कार्डावर त्याचं काम नाही.

आखणी

आकार ३.५ × २ इंच. चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारा जास्तीचा भाग), आणि कापण्याच्या रेषेपासून आत ४-५ मिलिमीटरपर्यंत मजकूर नको. फॉन्ट फार तर दोन, रंगही दोन. गरजेचं सगळं एकाच बाजूला, कारण फोटो एकाच बाजूचा निघतो.

मराठी मजकूर छपाईपर्यंत नीट पोचवणं

कार्डं बिघडतात ती इथं. मलाही सुरुवातीला याच टप्प्यानं फार छळलं, आणि मार्गदर्शन म्हणून जे सांगितलं जातं त्यात याचा उल्लेख क्वचितच असतो, कारण ते इंग्रजी कार्डं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं असतं.

घडतं असं. तुम्ही मजकूर मोबाइलवर टाइप करून पाठवता. तो युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइल-संगणकाला कळणाऱ्या सांकेतिक पद्धतीत असतो. डीटीपी ऑपरेटरकडे, म्हणजे संगणकावर कार्ड जुळवणाऱ्याकडे, कोरल ड्रॉ हे सॉफ्टवेअर असतं आणि वर्षानुवर्षं हाताला बसलेले श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट. या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात: काना वेगळा, वेलांटी वेगळी, अर्धा ल वेगळा. पडद्यावर मराठी दिसतं, संगणकाच्या लेखी मात्र ती रोमन अक्षरांची खिचडी असते. मग ऑपरेटर तुमचा मजकूर एकतर पुन्हा टाइप करतो किंवा कन्व्हर्टरमधून काढतो. पुन्हा टाइप केला तर नव्या चुका येतात. कन्व्हर्ट केला तर जोडाक्षरं फुटतात. पुढे ती फाइल अशा मशीनवर उघडली जिथं तोच फॉन्ट नाही, तर सगळा मजकूर चिन्हांचा कचरा होतो. कचरा परवडला, तो दिसतो तरी. एखादा रफार पुढच्या अक्षरावर सरकला किंवा एक अनुस्वार उडाला, तर तो हजार कार्डं हातात आल्यावर दिसतो.

यावर लोक सांगतात, "सरळ युनिकोड वापरा." बरोबर आहे, पण अर्धंच. युनिकोडमध्ये मजकूर शुद्ध राहतो, अक्षरं जोडण्याचं काम मात्र सॉफ्टवेअरचं असतं. कोरलच्या जुन्या आवृत्त्यांना ते जमत नाही. ॲडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा कंपोझर (अक्षरं जुळवणारा पर्याय) वेगळा निवडावा लागतो. तो निवडला नाही तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि पाय मोडलेली अक्षरं सुटी उभी राहतात. अशा वेळी ऑपरेटर हमखास म्हणतो, "स्क्रीनवर असंच दिसतंय, छपाईत नीट येईल." येत नाही. स्क्रीनवर जे दिसतं तेच छपाईच्या प्लेटवर जातं.

म्हणून मजकूर देण्याआधी तीन शब्द टाइप करून दाखवायला सांगा: कोल्हापूर, लक्ष्मीपुरी, गुऱ्हाळ. कोल्हापूरमधला ल्ह एकजीव दिसला पाहिजे. लक्ष्मीपुरीतला क्ष्मी तुटता कामा नये. गुऱ्हाळमध्ये ह ला चिकटलेला वाटोळा र हवा. ह च्या डोक्यावर रफार आला की समजा तिथं मराठीची सोय नाही. तिन्ही शब्द नीट आले तर काम द्या, नाहीतर दुसरीकडे जा. ओळखीचा माणूस आहे म्हणून थांबू नका.

फॉन्ट कुठला? फॉन्ट बनवणाऱ्या मुंबईच्या 'एक टाइप'चे मुक्ता आणि बालू हे दोन्ही युनिकोड आहेत, फुकट मिळतात आणि धंद्यासाठी वापरायला परवानगी आहे. छोट्या मजकुराला मुक्ता, मोठ्या ओळीला बालू, असं मी सरसकट सांगतो. जरा पुस्तकी, घरंदाज वळण हवं असेल तर 'तिरो देवनागरी मराठी' बघा. त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. बऱ्याच फॉन्टमध्ये ते हिंदी वळणाचे येतात, आणि वाचणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी कार्ड परगावचं वाटतं.

आकाराबाबत इंग्रजीचा नियम लावू नका. इंग्रजी ७ पॉइंटला वाचता येतं. देवनागरीत वर मात्रा, खाली उकार, त्यामुळे त्याच पॉइंटात मूळ अक्षराला जागा कमी उरते. ९ पॉइंटच्या खाली जाऊ नका. दोन ओळींत अंतर सढळ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या मात्रेला टेकतो. गडद रंगावर पांढरी बारीक अक्षरं नकोत, ऑफसेटला, म्हणजे प्लेटवरून होणाऱ्या छपाईत, शिरोरेघेत शाई भरते. सोनेरी फॉइल फक्त मोठ्या ओळीला. बारीक जोडाक्षरांच्या पोकळ्या फॉइलमध्ये बुजतात. आणि काळी अक्षरं नुसत्या काळ्या शाईची आहेत ना, हे विचारून घ्या. चार रंगांच्या शाया मिळून काळा केलेला असेल तर प्लेट केसभर हलली तरी प्रत्येक अक्षराला रंगीत सावली पडते.

आता प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायचा नमुना. मोबाइलवर आलेल्या चित्राला 'ओके' म्हणू नका. तिथं कार्ड बोटांनी मोठं करून बघता येतं, हातात ते साडेतीन इंचांचंच राहतं. पीडीएफ मागवा, साध्या लेझर प्रिंटरवर शंभर टक्के आकारात काढा, कात्रीनं कापा आणि हात लांब करून वाचा. चाळिशी ओलांडलेल्या कुणाला तरी चष्म्याशिवाय वाचायला लावा. मग ते टेबलावर ठेवून त्याचा फोटो काढा, स्वतःलाच व्हॉट्सॲप करा आणि त्या फोटोवरून मोबाइल नंबर लावून बघा. शुद्धलेखन तुम्ही तपासू नका; मजकूर तुमचाच असल्यानं चूक असली तरी डोळ्याला दिसत नाही. कोल्हापूर दीर्घ पण कोल्हापुरी ऱ्हस्व, हे माहीत असलेल्या माणसाकडे द्या.

सगळं तपासून झाल्यावरच अक्षरांचे 'कर्व्हज' करायला सांगा. म्हणजे अक्षरांची चित्रं होतात आणि प्रेसच्या मशीनवर फॉन्ट असो-नसो, फरक पडत नाही. कर्व्हज केल्यावर तीच पीडीएफ पुन्हा एकदा बघा, ही पायरी सगळे गाळतात. आणि फाइल पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो दाबला जातो आणि अक्षरांच्या कडा फाटतात.

कागद

३०० ते ३५० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप; आकडा मोठा तितका कागद जाड). चकचकीत लॅमिनेशन नको, फोटो काढताना त्यावर ट्यूबलाइट उमटते. मॅट चांगलं, पण त्यावर साध्या बॉलपेननं नीट लिहिता येत नाही. चपलेचं माप, शिवणाची तारीख, जॉबचा दर असं काही मागे लिहून द्यायची सवय असेल तर बिनलॅमिनेशनचा जाड कागद घ्या. 'एका बाजूला लॅमिनेशन करू' असं कुणी सुचवलं तर नाही म्हणा, आपल्याकडच्या पावसाळ्यात ते कार्ड वाकडं होतं.

स्वस्तातली हजार कार्डं अनेक गिऱ्हाइकांच्या कामांबरोबर एकाच मोठ्या शीटवर छापली जातात. त्यामुळे लोगोचा रंग दर खेपेला तंतोतंत तोच येईल अशी अपेक्षा नको. पहिल्यांदाच करत असाल तर डिजिटलवर शंभर काढा, महिनाभर वापरा, मग ऑफसेटला जा. लग्नसराईत आणि निवडणुकीत प्रेसवाल्याच्या मागे लागू नका, त्यांनाही रात्री घरी जायचं असतं.

वाटप

महाद्वार रोडवर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला कार्ड वाटणं म्हणजे पैसे रस्त्यावर टाकणं. कार्ड द्यायची वेळ एकच: काम पूर्ण झालं आणि गिऱ्हाईक खूश आहे तो क्षण. तेव्हा दोन द्या आणि स्पष्ट सांगा, "एक तुम्हाला, एक कुणाला लागलं तर." माल पार्सलनं जात असेल तर बिलाबरोबर पिन मारू नका. बिल फाइलला जातं आणि कार्डही. चपलेच्या खोक्यात, दागिन्याच्या डबीत, साडीच्या घडीत सुटं ठेवा.

तुमच्या गिऱ्हाइकाच्या आधीच्या दुकानात कार्ड ठेवता आलं तर उत्तम. नऊवारी शिवणाऱ्यांनी साडीच्या दुकानात, पॉलिशवाल्यानं गुजरीतल्या ओळखीच्या सराफी पेढीवर, जॉबवर्कवाल्यानं शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या हार्डवेअरच्या काउंटरवर. गठ्ठा ठेवून येऊ नका. दहाच ठेवा आणि संपली का ते बघायला जा, त्या निमित्तानं बोलणंही होतं. प्रत्येक ठिकाणच्या कार्डांना मागे कोपऱ्यात पेनानं वेगळी खूण करा. नवीन गिऱ्हाईक कार्ड घेऊन आलं की ते उलटून बघा, कुठल्या काउंटरवर कार्डं ठेवायची आणि कुठलं बंद करायचं ते कळेल.

दुसऱ्या छपाईसाठी ऑपरेटरकडून दोन फाइली आधीच घेऊन ठेवा: कर्व्हज केलेली आणि त्याच्या आधीची, मजकूर बदलता येणारी. कर्व्हजच्या फाइलमध्ये एक वेलांटीही दुरुस्त करता येत नाही. दुकान हललं किंवा नंबर बदलला तर फक्त ती ओळ बदला, आणि प्रूफ मात्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत पुन्हा वाचून घ्या. जुनी उरलेली कार्डं पेनानं खाडाखोड करून देऊ नका; हिशेबाला, चिठ्ठ्यांना वापरा.