गोल नक्षी अंडाकृती येऊ लागली तेव्हा…

माझ्या सीएनसी राउटरवर (संगणकाच्या आज्ञेने लाकूड कोरणारं यंत्र) सागवानावर गणपतीची प्रभावळ कोरली, ती चक्क अंड्यासारखी आली. आधी बिट (कोरणारं पातं) बदललं, मग लीडस्क्रूचं (डोकं सरकवणाऱ्या लांब स्क्रूचं) नट कसलं, फरक शून्य. शेवटी प्लग काढून स्पिंडल (बिट फिरवणारा भाग) मुठीत धरून हलवला, तर कट्‌कट्! डोकं ज्यावर सरकतं तो दांडा ओढून काढला आणि त्यावरचं बेअरिंग बोटाने सरकवलं: खरखर, आणि तेलात कालवलेल्या भुश्शाचा काळा लगदा. (तेल मीच सढळ हाताने ओतलं होतं.)

नवी चार बेअरिंगं आणली, एलएम१०यूयू या मापाची: आत १० मिमी, बाहेर १९, लांबी २९. हातोडी नाही; शिकंज्यात धरून, बाहेरच्या कड्यावर बसेल असा सॉकेट टेकवून दाबली. दांड्यावर चर पडली होती, म्हणून तो पाव फेरा फिरवून बसवला. लिथियम ग्रीस जेमतेम बोटभर. प्रभावळ आता गोल येते.