एचएस-सीआरपीचा अहवाल कसा वाचावा

ठाणे आणि नवी मुंबईतील पॅथॉलॉजी लॅबच्या ‘फुल बॉडी चेकअप’च्या अनेक अहवालांत कोलेस्टेरॉलच्या आसपास एचएस-सीआरपी हा आकडा असतो. सीआरपी म्हणजे शरीरात दाह (इन्फ्लमेशन) असला की रक्तात वाढणारे प्रथिन, आणि ‘एचएस’ म्हणजे ते अतिसंवेदनशील पद्धतीने मोजलेले. तो पाहण्याआधी त्याचे एकक पाहावे. हृदयविकाराच्या जोखमीच्या मर्यादा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये सांगितल्या जातात. अहवाल प्रति डेसिलिटरमध्ये असेल, तर 0.4 हा निरुपद्रवी वाटणारा आकडा प्रत्यक्षात 4 असतो. नावात ‘एचएस’ नसलेल्या साध्या सीआरपीवरून हृदयाचा अंदाज बांधू नये.

आकड्याचा अर्थ लागण्यासाठी रक्तवाहिनीच्या आत काय घडते ते कळायला हवे. तिचे आतले अस्तर केवळ एका पेशीच्या जाडीचे असते. ते नायट्रिक ऑक्साइड तयार करते, त्यामुळे वाहिनी सैल राहते आणि प्लेटलेट भिंतीला चिकटत नाहीत. या शोधाला 1998 चे नोबेल मिळाले. शरीरात दाह चालू असला, की टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-1 आणि इंटरल्युकिन-6 असे रासायनिक संदेश रक्तात उतरतात. पहिले दोन अस्तराच्या पेशीवर येऊन बसताच पेशीतील एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन केंद्रकात शिरते आणि एरवी शांत असलेली जनुके चालू करते. मग पेशीच्या पृष्ठभागावर व्हीकॅम-1 आणि आयकॅम-1 हे चिकट रेणू उगवतात, त्यांना धरून मोनोसाइट या पांढऱ्या रक्तपेशी भिंतीत शिरतात आणि तेथे साठलेले कोलेस्टेरॉल गिळून फुगतात. त्याच वेळी वाढलेला सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा अतिक्रियाशील प्रकार नायट्रिक ऑक्साइडचा फडशा पाडतो, पेशींमधले सांधे ढिले पडतात आणि गुठळी धरायला जागा तयार होते. सीआरपी या नासधुशीचा कर्ता मानला जात नाही. इंटरल्युकिन-6 च्या सांगण्यावरून यकृताने सोडलेली ती वर्दी आहे, आणि दाह नेमका कुठे आहे हे ती सांगत नाही.

म्हणूनच पावसाळ्यात डेंग्यू, लेप्टो किंवा साधा ताप येऊन गेल्यावर लगेच ही चाचणी करणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. प्रकृती पूर्ण बरी असताना, दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासून सरासरी घ्यावी. 1 पेक्षा कमी म्हणजे जोखीम कमी, 1 ते 3 मध्यम, 3 च्या वर जास्त. 10 च्या वर गेल्यास आधी संसर्ग शोधावा आणि तो ओसरल्यावर पुन्हा तपासावे.

आकडा दोन्ही वेळा चढाच आला, तर हिरड्या दंतवैद्याला दाखवाव्यात, कारण दुर्लक्षित हिरड्यांचा दाह वर्षानुवर्षे मुकाट चालू राहतो. तंबाखू, मिश्री आणि सिगारेट बंद करावी, कंबरेचा घेर मोजावा. रक्तदाब, साखर आणि एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) यांच्यासह अहवाल डॉक्टरांपुढे ठेवावा. स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांनी एलडीएलबरोबर सीआरपीही उतरते. 2017 च्या कँटोस या रुग्णांवरील औषध-चाचणीत इंटरल्युकिन-1 बीटा रोखणाऱ्या औषधाने, एलडीएल न घटताही, हृदयविकाराचे झटके कमी झाले. मात्र जीवघेणे संसर्ग वाढले, त्यामुळे दाहशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत.

छातीत दुखत असेल, तर या चाचणीच्या वाटेला न जाता थेट रुग्णालय गाठावे. तिथे ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे दाखवणारी रक्ततपासणी) लागते.