वाफेचे जुने छोटे इंजिन : ओळखावे कसे, चालवावे कसे

कोकणातल्या जुन्या घराच्या माळ्यावर ट्रंकेतून वाफेवर चालणारे खेळण्यातले छोटे इंजिन निघाले, तर ते आमसुलाने घासून लखलखीत करण्याचा मोह होतो; तो आधी आवरावा. घासण्यात रंग, निकेलचा मुलामा आणि कारखान्याची पुसट खूण निघून जाते, आणि इंजिनाचे वय व त्याला चालणारे इंधन पुष्कळदा या खुणांवरूनच ठरवावे लागते. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, तर मुळीच लावू नये, कारण त्यात मीठ असते.

खूण बहुधा बॉयलरच्या टोकावर, भट्टीच्या पत्र्यावर किंवा तळाच्या पाटावर असते. ‘जीबीएन’ ही अक्षरे जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या बिंग या कारखान्याची. पहिल्या महायुद्धानंतर त्यांच्या जागी ‘बीडब्ल्यू’ आले. विटांची नक्षी असलेली भट्टी आणि उंच धुराडे दिसले, तर जर्मन बनावटीचा संशय घ्यावा. लाल रंगाचा पत्र्याचा साधा पाट, पितळी बॉयलर आणि डुलणारा सिलिंडर असेल, तर ते १९३७च्या सुमारास बर्मिंगहॅममध्ये सुरू झालेल्या मॅमोड या कारखान्याचे असण्याची शक्यता मोठी. मॅमोडमध्ये बर्नर नीट पाहावा: जुन्या इंजिनांना स्पिरिटचा वातीचा बर्नर असे, तर १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून घन इंधनाच्या वड्यांची तबकडी आली. या तबकडीत स्पिरिट ओतू नये, आणि रॉकेल किंवा पेट्रोल कशातच घालू नये.

बॉयलरवर मात्र सवड काढून काम करावे. बहुतेक खेळण्यांचे सांधे शिसे-कथिलाच्या डाखाने जोडलेले असतात आणि असा डाख १८३ अंश सेल्सिअसपासून वितळू लागतो. दीड बार दाबाची वाफ साधारण १२७ अंशांची असते, म्हणून आत पाणी आहे तोवर सांधा सुरक्षित राहतो; पाणी संपताच ज्योत धातूला थेट तापवते आणि डाख सुटतो. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत पडून राहिलेल्या बॉयलरचे सांधे कळकलेले असू शकतात, त्यामुळे दाबमापक आणि हातपंप असलेल्या कारागिराकडून तो आधी थंड पाण्याने, नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाबावर तपासून घ्यावा. ही तपासणी हवेने कधीही करू नये. बॉयलर फुटला, तर दाबलेली हवा तुकडे उडवते, पाणी नुसते गळते. सेफ्टी व्हॉल्व्हची स्प्रिंग गंजली असेल, तर व्हॉल्व्हच नवा बसवावा, त्यात काटकसर नको. वातीत किंवा जोडांत पांढरे तंतुमय अस्तर दिसले, तर ते अॅस्बेस्टॉस असू शकते. कोरडे खरवडू नये.

पाणी डिस्टिल्ड, नाहीतर पावसात उघड्यावर भांडे ठेवून धरलेले घ्यावे. खाडीकाठच्या विहिरीचे मचूळ पाणी बॉयलरला घातक ठरते. बॉयलर पाऊण भरावा, आणि इंधन इतकेच घालावे की ते पाण्याच्या आधी संपेल. सारी सुरक्षितता या हिशेबात आहे. सिलिंडरला वाफेसाठीचे जाड स्टीम ऑइल द्यावे, कारण साधे तेल वाफेच्या पाण्याने धुऊन जाते. धुऱ्यांना शिलाई मशीनचे तेल पुरते. हाताशी असले तरी खोबरेल वापरू नये, ते पुढे चिकट होऊन बसते.

इंजिन पत्र्यावर किंवा फरशीवर, पंख्याच्या वाऱ्यापासून दूर ठेवावे. स्पिरिटची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही, म्हणून पेटत्या बर्नरमध्ये भर घालू नये आणि मुलांना हातभर लांब बसवावे. वाफ धरली की प्रथम सिलिंडरमधून गरम पाणी उडते. ते निघून जाईपर्यंत चाक हाताने काही वेळा फिरवावे लागते. मग सिलिंडर तापतो आणि इंजिन आपोआप गती घेते.

इंधन संपून दाब पूर्ण उतरल्यावरच बूच उघडावे आणि बॉयलर कोमट असतानाच उरलेले पाणी ओतून टाकावे. बूच रात्रभर उघडे ठेवावे, म्हणजे आतला ओलावा निघून जाईल. पावसाळ्यापूर्वी उघड्या पोलादी भागांवर तेलाचा पातळ हात फिरवून इंजिन घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे.