कथा जूनमध्ये पाठवा

"कथा लिहून पोट भरतं का हो?" माझ्या कथालेखन कार्यशाळेच्या पहिल्या दिवशी, चहाच्या वेळी हा प्रश्न हमखास येतो. भरत नाही. गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्र शिकवायचे, जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी. एवढ्या मोठ्या कथाकारांची ही गत, तर आपलं काय! मी बावीस वर्षं बँकेत काउंटरला बसले आणि कथा पहाटे लिहिल्या. नोकरी सोडायचा विचार मनात आला, पण घराचे हप्ते होते.

मराठी कथेचं वर्ष दिवाळीभोवती फिरतं. १९०९ साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही रीत. नवखा माणूस गणपती बसले की जागा होतो आणि कथा धाडतो. तोवर बहुतेक अंकांची पानं भरलेली असतात. कथा जूनमध्ये, फार तर जुलैच्या सुरुवातीला गेली पाहिजे. म्हणजे लिहायची उन्हाळ्यात, पाहुणे घरात असताना.

एकच कथा एकाच वेळी दोघा संपादकांना पाठवू नका. मी हे केलंय. दोन्हीकडे छापून आली. एका संपादकांचा फोन आला. रागावले नाहीत, "ताई, आमचे वाचक तोही अंक घेतात," एवढंच म्हणाले. पुढं कित्येक वर्षं तिकडे कथा पाठवायचा मला धीर झाला नाही.

टाइप युनिकोडमध्येच करा, पण पुष्कळ ठिकाणी जुळणी अजून जुन्या फॉन्टमध्ये होते आणि फॉन्ट बदलताना अक्षरं मोडतात. माझ्या एका कथेतल्या सह्याद्रीच्या दऱ्यांचा छापताना दर्या झाला. भर डोंगरात समुद्र. सोबत पीडीएफ द्या, प्रूफ मागून घ्या. मानधनाचं म्हणाल तर कुठे पाकीट, कुठे नुसता अंक. ठरलेलं आलं नाही तर एकदा आठवण करायला लाजू नका. आणि सही करायच्या आधी पत्र नीट वाचा. कथेचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं वारसांकडे राहतो, तो एका ओळीत लिहून देऊ नये.

शिकवण्याकडे मी अपघातानंच वळले. गावातल्या वाचनालयाला रविवारी कुणीतरी हवं होतं. कॉलेजात प्राध्यापक व्हायचं तर एम. ए. आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. कार्यशाळेत पदवी कुणी विचारत नाही, कथा कुठे छापून आल्या ते विचारतात. 'सत्यकथे'चे संपादक राम पटवर्धन लेखकाला कथेवर सविस्तर पत्रं लिहीत. ते मासिक १९८२ला बंद पडलं. आज बहुतेक संपादकांना तेवढी सवड नसते, म्हणून ते काम आमच्या गळ्यात आलंय असं मला वाटतं. बारा-पंधरापेक्षा जास्त माणसं घेऊ नका. प्रत्येकाची कथा मोठ्यानं वाचायला वेळ उरत नाही, आणि मोठ्यानं वाचल्याशिवाय मी तरी कुणाला काही शिकवू शकत नाही.

एकदा एका बाईंनी कथा आणली. पहिलं पानभर कृष्णेचा घाट, सूर्योदय, बगळे. दुसऱ्या पानाच्या मध्यावर वाक्य होतं: 'सासूनं ताटात तिसरी पोळी वाढली आणि तीच उचलून परत डब्यात ठेवली.' म्हटलं, इथून वाचा. त्यांनी वाचलं. मागच्या बाकावरचा कॉलेजचा पोरगा मोबाइल खाली ठेवून ऐकायला लागला. पण बाई दुखावल्या. घाट त्यांच्या माहेरचा होता. पुढच्या रविवारी आल्या नाहीत, त्याच्या पुढच्या रविवारी आल्या, तेव्हा कथा पोळीपासून सुरू होत होती आणि घाट शेवटाकडे एका ओळीत आला होता. तिथं तो शोभत होता. मी बगळ्यांसकट सगळा काढायला सांगणार होते, हे त्यांना सांगितलं नाही.

त्या रात्री मी माझी तयार कथा काढून बसले. पहिलं पानभर पाऊस पडत होता.

एक सावधगिरी मात्र घ्या. दुसऱ्यांच्या कथा सतत हातात असल्या की आपल्या वाक्यांना त्यांचा वास लागतो. एका वर्षी माझ्या तीन कथांत तीन विद्यार्थी सापडले. तेव्हापासून मी दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतच शिकवते. मार्चनंतर कुणी विचारलं तर पुढच्या बॅचला नाव लिहून घेते आणि फोन आत ठेवते.