रॅम रिकामी, तरी कर्नल म्हणतो जागा नाही: व्हीमॅलॉकची गळती कशी शोधायची

मी वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहते आणि मकरपुरा जीआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत लिनक्सचे ड्रायव्हर लिहिते. आमचा एक डबा ग्राहकाच्या कारखान्यात सेन्सरची मापं गोळा करतो. आत जुना ३२ बिटी औद्योगिक पीसी आहे, २ जीबी रॅमचा. तो दर ११ दिवसांनी बंद पडायचा. फ्री कमांड दीड जीबी मोकळी दाखवायची आणि कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये मात्र एकच ओळ असायची: व्हीमॅप अलोकेशन फॉर साइझ १०५२६७२ फेल्ड. व्हीमॅलॉक म्हणजे रॅमच्या सुट्या पानांना (४ केबीच्या तुकड्यांना) सलग पत्ते लावून देणारं कर्नलचं फंक्शन. त्याला पत्ते मिळाले नाहीत की ही ओळ येते.

असं काही दिसलं की सगळ्यात आधी, नक्की काय संपलं ते ठरवा. लॉगमध्ये 'पेज अलोकेशन फेल्युअर, ऑर्डर ४' असं असेल तर सलग १६ पानं, म्हणजे ६४ केबी, एका ठिकाणी मिळाली नाहीत. तेव्हा /प्रोक/बडीइन्फो बघा. उजवीकडच्या, म्हणजे मोठ्या सलग तुकड्यांच्या रकान्यांत शून्यं असली तर मेमरी आहे, पण तुकड्यातुकड्यांत. ओओएम किलरने (मेमरी संपली की प्रोसेस मारणाऱ्या कर्नलच्या भागाने) प्रोसेस मारली असेल तर बहुतेक वेळा मेमरीच खरोखर संपत आलेली असते. आणि वरच्यासारखी व्हीमॅपची ओळ असेल तर संपले आहेत पत्ते. रॅमची पानं पडून आहेत, पण त्यांना लावायला कर्नलकडे व्हर्च्युअल पत्ता उरलेला नाही. ३२ बिटी एक्स८६ वर नेहमीच्या मांडणीत कर्नलच्या वाट्याला १ जीबी पत्ते येतात. त्यातले ८९६ एमबी रॅमच्या थेट मॅपिंगला जातात, आणि उरलेल्या साधारण १२८ एमबीत व्हीमॅलॉक, आयओरीमॅप (हार्डवेअरच्या मेमरीला पत्ते देणारं फंक्शन), मॉड्यूल्स (कर्नलला वरून जोडलेले ड्रायव्हरसारखे भाग) सगळ्यांना दाटीवाटीने बसावं लागतं.

त्या ओळीतला आकडाही नीट वाचा. १०५२६७२ मधून ४०९६ वजा केले की १०४८५७६ उरतात, बरोबर १ एमबी. वरचं एक पान म्हणजे गार्ड पेज. व्हीमॅलॉक प्रत्येक तुकड्यामागे ते मोकळं सोडतो, म्हणजे कोणी हद्दीबाहेर लिहिलं तर तिथेच फॉल्ट येतो. आमच्या ड्रायव्हरमध्ये १ एमबीचा बफर एकाच ठिकाणी घेतला होता, त्यामुळे संशय कुणावर घ्यायचा ते या वजाबाकीतच कळलं.

लॉगमधली तीच ओळ पुढे सल्ला देते, की बूटच्या वेळी व्हीमॅलॉकचा आकडा वाढवा. आम्ही घाईत २५६ एमबी केला. थेट मॅपिंगची जागा तेवढी कमी झाली, आणि डबा ११ ऐवजी २५ दिवसांनी पडला. हा इलाज नव्हता, पण निदान मात्र उत्तम झालं. जागा वाढवल्यावर तक्रार कायमची गेली तर गरजच मोठी होती असं समजा. नुसती लांबली तर कुठेतरी गळतं आहे.

आता /प्रोक/व्हीमॅलॉकइन्फो, म्हणजे या जागेत कुणी किती घेतलं त्याची यादी. ही फाइल रूटलाच वाचता येते. प्रत्येक ओळीत आधी पत्त्यांची हद्द, मग आकार, मग जागा मागणाऱ्या फंक्शनचं नाव आणि ऑफसेट (फंक्शनच्या आतली नेमकी जागा), त्यापुढे पानांची संख्या. तिची प्रत काढून ठेवा, तासाभराने दुसरी काढा. दोन्हींतून ऑक कमांडने तिसरा रकाना वेगळा करा, सॉर्ट करा, युनिकने मोजा. ज्या नावाची संख्या वाढतच जाते, तिथे गळती शोधा. एकाच प्रतीवरून निष्कर्ष काढू नका, कारण व्हीफ्रीने (जागा परत करणाऱ्या फंक्शनने) सोडलेले पत्ते कर्नल लगेच परत घेत नाही, थोडे साठले की एकदम झाडतो. ऑफसेटवरून सोर्समधली नेमकी ओळ हवी असेल तर डीबग माहितीसकट बिल्ड केलेल्या कर्नलवर कर्नल सोर्सच्या स्क्रिप्ट्स फोल्डरातली एफॲडरटूलाइन चालवा. /प्रोक/मेमइन्फो फाइलमधल्या व्हीमॅलॉकयूज्डवर मात्र विसंबू नका. कर्नलच्या ४.४ पासूनच्या काही आवृत्त्यांत तो आकडा कायम शून्यच येतो.

आमच्याकडे मापं घेणं सुरू करणाऱ्या कॅप्चर_स्टार्ट या फंक्शनच्या नावाच्या ९७ ओळी निघाल्या. असायला हवी होती एक.

पण वाढ होते कधी? ऑफिसात डबा आठवडाभर चालवला, ओळ एकच राहिली. शेवटी मी कारखान्यात जाऊन मशीनपाशी बसले. ऑपरेटर काका म्हणाले, "ताई, पाळीत तीनदा सेन्सर बंद करून काच पुसतो आम्ही. धूळ बसते ना." तीन पाळ्या, रोज ९ वेळा. अकरा दिवसांत ९९, पंचवीस दिवसांत २२५. दर खेपेला १ एमबी धरला आणि बाकीच्यांचा वाटा सोडला, तर १२८ आणि २५६ एमबीच्या जागेशी दोन्ही आकडे जुळले.

ऑफिसात येऊन सेन्सरची केबल उपटली, पुन्हा लावली. प्रत्येक वेळी एक ओळ वाढली. चूक माझ्या कॅप्चर_स्टॉपमध्ये होती. ते फंक्शन आधी सेन्सरला स्थिती विचारायचं, उत्तर आलं नाही की एरर देऊन तिथूनच परतायचं. व्हीफ्रीची ओळ त्याच्या चार ओळी खाली होती. मग पुढचा स्टार्ट नवा बफर घ्यायचा आणि जुन्याचा पॉइंटर पुसून जायचा. अशी पोरकी झालेली मेमरी केमेमलीकही (कर्नलमधला गळतीशोधक) पकडतो, कॉल ट्रेससकट. पण तो स्वतः मेमरी खातो आणि यंत्र मंदावतो, म्हणून तो ऑफिसातल्याच डब्यावर लावा.

६४ बिटी कर्नलवर हीच चूक पत्ते संपवणार नाही. तिथे चार पातळ्यांच्या पेज टेबलांतही (पत्ता आणि रॅमचं पान यांची जोडी लिहिलेल्या तक्त्यांत) व्हीमॅलॉकला ३२ टीबी जागा असते. गळत राहील ती रॅम, आणि बोभाटा होईल महिन्यांनी. म्हणून तिथेही ही मोजणी करत जा.

दुरुस्ती करताना नुसती व्हीफ्रीची ओळ वर सरकवली नाही. बफर आता प्रोबमध्ये (ड्रायव्हर उपकरणाला जोडला जातो तेव्हाच्या फंक्शनमध्ये) एकदाच घेतला जातो आणि रिमूव्हमध्ये (तो सुटतो तेव्हाच्या) सुटतो. स्टार्ट-स्टॉपने मेमरीला हातच लावायचा नाही. मग सेन्सरच्या पुरवठ्यावर रिले बसवून रात्रभरात ३०० वेळा तो बंद-चालू केला. सकाळी व्हीमॅलॉकइन्फो उघडली, तर आमच्या बफरची ओळ एकच होती.